थोरल्या बाई नदी ओलांडून गेल्या

थोरल्या बाई काल दुपारी नदी ओलांडून गेल्या, असं मी भर सदरेवर सांगितलं. त्या घोडी आहेत, हे सांगायचं राहिलं.

एवढीच चूक. बाकी निरोप शब्दाला शब्द बरोबर होता. थोरल्या बाई पाणी ओलांडून पलीकडे गेल्या, बरोबर तो काळाही आहे, मन भरलं की आपणहून परततील, तोवर आणायची घाई करू नये. तट्टं राखणाऱ्या सटवाजी नाईकांनी जसं सांगितलं तसं मी हात जोडून म्हटलं, आणि निरोप न विसरता पोचवल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन उभा राहिलो.

सदरेवर आमचे सरदार होते, फडणीस होते, कोणी दोन परगावचे पाहुणे होते. सरदारांना दोन बायका. त्यातल्या वडील त्या थोरल्या बाईसाहेब. पान लावणाऱ्याचा हात चुन्यात थांबला. फडणीस दौतीत पाहू लागले, जणू तिच्यात माशी पडली होती. तेवढ्यात आतल्या चौकातून थोरल्या बाईसाहेबांचा आवाज आला. ताक पातळ झाल्याबद्दल त्या कोणाला तरी बोलत होत्या. सगळ्या सदरेने रोखलेला श्वास सोडला, आणि मग सगळे मिळून माझ्याकडे पाहू लागले.

मी निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. पण थोडा दोष संगतीचा धरावा. सटवाजी नाईकांबरोबर एक पावसाळा काढला की माणसं आणि जनावरं आपापल्या पायरीवर राहत नाहीत. कोणाला अहो म्हणायचं आणि कोणाला अरे, ह्याचाच घोटाळा होतो.

तेव्हा आधी बेटाचं सांगतो. संगमाच्या खाली मुळामुठेच्या पात्रात एक बेट होतं. कडेला लव्हाळे, मध्ये बाभळी आणि कमरेइतकं गवत. तिथे तट्टांचा एक रानटी कळप राहत असे. कुठल्याशा जुन्या पागेतली जनावरं पुरात वाहून बेटाला लागली आणि तिथेच वाढली, असं म्हणत. अंगाने बुटकी, पोटाने सुटलेली, शेपट्या गोखरूंनी गच्च. पण खडकावर पाय घसरायचा नाही आणि उपाशीपोटी दौड मारायची. म्हणून दरसाल नवरात्रात, दसऱ्याला फौज बाहेर पडायच्या आधी, हा कळप पोहत अलीकडच्या काठावर आणायचा, त्यातली तरणी जनावरं निवडायची, त्यांच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने पागेचा डाग द्यायचा, आणि बाकीची परत बेटावर सोडायची. ह्याला 'तट्टं उतरवणं' म्हणत. हक्क आमच्या सरदारांचा, काम नाईकांचं, आणि मी देखरेखीला नेमलेला पागेचा कारकून. देखरेख म्हणजे नाईक काय करतात ते पाहून रोज नवा धक्का खाणे.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला. मी पागोटं नीट करून नदीवर गेलो. उघडाबंब, उंच, पाठीत किंचित वाकलेला एक म्हातारा पाण्यात गुडघाभर उभा होता. मला पाहून म्हणाला, "अरे कारकुना, तिकडं सरक. त्येनला पानी प्यायचं हाय." आणि लव्हाळ्यात उभ्या एका मळकट तट्टाकडे वळून अत्यंत अदबीने म्हणाला, "या आपण. हा काय करत न्हाय. कारकून हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण हेच सटवाजी नाईक, आणि तो त्यांचा नेम होता. बेटावरचं प्रत्येक तट्टू अहो. सगळं पुणं अरे. ज्या घटकेला तट्टाच्या पुठ्ठ्यावर डाग पडे, त्याच घटकेला नाईक त्याला अरे म्हणू लागत. मी कारण विचारलं. म्हणाले, चाकरीत आला तो अरे, मोकळा तो अहो, ह्यात इचारायचं काय.

एकदा खुद्द सरदार पाहणीला आले. नाईकांनी त्यांनाही अरे म्हटलं. मी डोळे मिटून घेतले. सरदार शांतपणे म्हणाले, नाईक, आम्ही कोणाचे चाकर? नाईकांनी बोट दाखवलं नाही. हनुवटी तेवढी शनिवारवाड्याच्या दिशेने वळवली. सरदारांनी त्या दिशेला पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, आणि विषय बदलून गवताची चौकशी केली.

बोट ते कधीच कशाकडे दाखवत नसत. बोटामागून दोर येतो हे तट्टांना ठाऊक असतं म्हणे. आणि जन्मभर तट्टांत राहून घोड्यावर एकदाही बसले नव्हते. मी आश्चर्य दाखवलं तर उलट मलाच विचारलं, कुनाच्या पाठीवर बसून त्याच्याशी बोलता येतं व्हय?

म्हणजे नाईक फार शहाणे होते असं समजू नका. दही खाऊन बोललं की घोडी गाभडते, गुरुवारी जन्मलेलं शिंगरू बहिरं असतं, असल्या गोष्टी ते शपथेवर सांगत. शिवाय अव्वल खोटारडे. निवडीच्या वेळी कळपातली दोन-तीन उत्तम जनावरं हटकून लंगडत. सरदार ती नाकारत. पण परत बेटाला पाय लागला की तीच जनावरं शेपट्या उभारून उधळत जात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या बुद्धीने त्याचा अर्थ लावला: बेटाच्या मातीत गुण आहे. मी ती माती घागर भरून पागेत आणली. आमच्या फडणिसांचे गुडघे धरलेले. त्यांनी ती विश्वासाने महिनाभर लावली. मग एकदा एका लंगड्या तट्टाच्या खुरावरच्या केसांत मला त्याच्याच शेपटीचा एक केस करकचून बांधलेला सापडला. मी नाईकांकडे पाहिलं. नाईक आभाळाकडे पाहत होते. फडणिसांना मी काही बोललो नाही. त्यांना तोवर बरंच बरं वाटू लागलं होतं.

आंघोळीचं तर सांगू नये, पण सांगतो. बेटावर जायचं तर आधी काही दिवस आंघोळ बंद, गंध बंद, उटणं बंद, असा नाईकांचा हुकूम. गावाचा वास आला की तट्टं दूर जातात. ऐन पुण्यात, कसब्यात, भटाभिक्षुकांच्या शेजारात मी पारोसा फिरू लागलो. घरी कुटुंबाने माझं पान अंगणात मांडलं. "घोड्यांना तुमची आंघोळ सोसत नाही, मला तुमचं पारोसं सोसत नाही. तेव्हा अंगण." एवढं बोलून तिने दार लोटून घेतलं. असा नेटाने सोवळं बुडवून मी भोपळ्यांच्या सांगडीवर पोट टेकून बेटावर पोचलो. कळपाची म्होरकी घोडी समोर आली. तिने माझा खांदा हुंगला आणि जोरात शिंकली. नाईक म्हणाले, आंघूळ करत जा, तुझ्यात फरक पडत न्हाय.

ही म्होरकी घोडी म्हणजेच थोरल्या बाई. नाईक कुठल्याही तट्टाला नाव ठेवत नसत, कारण नाव ठेवणारा धनी होतो. पण हिला थोरल्या बाई म्हणत. रंगाने धुरकट, एका कानाचं टोक तुटलेलं, पाठ खाली झुकलेली. तिच्यामागे नेहमी एक काळा घोडा असे. तो दिसायला राजबिंडा होता आणि त्याला स्वतःचं असं मत नव्हतं. ती चरली की तो चरे, ती थांबली की तो थांबे. मला तो फार जवळचा वाटे.

तट्टं उतरवण्याची रीत अशी. आरडाओरडा नाही, ढोल नाही, घोडेस्वारांचा वेढा नाही. नाईक पोहत बेटावर जात, थोरल्या बाईंशी काही बोलत, आणि तिच्या शेजारून पाण्यात उतरत. ती उतरली की काळा, काळ्यामागे सगळा कळप. आयांच्या अंगाला चिकटून शिंगरं. अलीकडे दोन माणसं पाण्यात दोर ताणून उभी, म्हणजे कळप नेमका उतारावर लागावा. आणि हे चालू असताना काठावर कोणी बोलायचं नाही. एखादा आवाज वर गेला की कळप मधल्या डोहातून परत फिरतो, आणि फिरताना शिंगरं खाली जातात.

आता हे काठावरचं माणूस कुठलं, तर पुण्याचं. कुंभारवेशीपासून लोटलेली गर्दी, फुटाणेवाले, चाकरीतून निघालेले म्हातारे शिलेदार, एक वृद्ध शास्त्रीबुवा. न बोलता राहणं ह्या गावाला माहीत नाही, आणि दुसऱ्याचं काम चाललेलं असताना तर नाहीच. शास्त्रीबुवा पहिल्या वर्षी म्हणाले की दोर जरा डावीकडे घ्यायला हवा. नाईक पाण्यातून बाहेर आले, दोराचं टोक शास्त्रीबुवांच्या हातात दिलं आणि त्यांना छातीभर पाण्यात उभं करून निघून गेले. तेव्हापासून नेमच पडला, ज्याला सल्ला द्यायचा त्याने दोर धरायचा. त्यानंतर तट्टं उतरताना सगळा कसबा तोंडावर उपरणं धरून उभा असलेला मी पाहिला आहे. पुण्याची गर्दी आणि फक्त पाण्याचा आवाज. असा धक्का मला पुन्हा कधी बसला नाही. दोर मीही एकदा धरला. मी फक्त वारा बरा आहे एवढंच म्हणालो होतो.

तर अशा माणसाचा निरोप मी सदरेवर सांगितला, आणि त्याची किंमत तेव्हा तरी मला भरावी लागली नाही. घोडीला भरावी लागायची वेळ आली.

सरदार हसले असते तर बरं झालं असतं. पण पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट बुधवार पेठेत पोचली, तिसऱ्या दिवशी बायकांच्या हळदीकुंकवात. मग हुकूम निघाला. यंदा सगळ्यात आधी ती घोडी उतरवायची, डाग द्यायचा, वाड्याच्या पागेत बांधायची आणि तिला दुसरं नाव ठेवायचं. लंगडत असली तरी, आंधळी असली तरी. सरदारांना केसाची युक्ती ठाऊक होती, हे मला तेव्हा कळलं. फडणिसांना कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

हुकूम सांगायला अर्थात मलाच पाठवलं. नाईकांनी तो ऐकला आणि खाली बसले. त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. जेवतसुद्धा ते उभ्याने. मी चपापलो. रागावतील, शिव्या देतील, अशी तयारी करून गेलो होतो.

"मग बेट बुडालं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बेट म्हणजे नुसती वाळू. पूर चढला की त्यावर एकच उंचवटा कोरडा राहतो, आणि तिथे जायची वाट पाणी दिसायच्या आधीच धरावी लागते. थोरल्या बाईंना ते कळतं. त्या चालू लागल्या की कळप चालतो. त्यांच्या आधीची म्होरकी घोडी अशीच एका साली कोणाच्या तरी हौसेसाठी नेली. पुढच्या पावसाळ्यात कळप खालच्या कडेला चरतच राहिला. पाणी उतरल्यावर नाईक गेले तेव्हा बाभळींच्या फांद्यांत शिंगरं अडकलेली होती. हे त्यांनी मला, उद्या बाजार आहे म्हणावं तसं सांगितलं. मला पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही.

मी म्हटलं, तुम्ही उतरवूच नका. नाईकांनी माझ्याकडे पाहिलं. आपण नाही म्हटलं तर दुसरा येईल, ढोल बडवील, डोहात घालवील. उतरवायची ती आपणच. पुढचं पुढं.

थोरल्या बाई तोवर, नाईक म्हणाले होते तशा, आपणहून बेटावर परतल्या होत्या. उतरवण्याच्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण पुण्याला थोरल्या बाई पाहायच्या होत्या. सरदार घोड्यावर, बाजूला डागाची भट्टी, भट्टीत लाल लोखंड. नाईक पाण्यात उतरले. कळप आला. थोरल्या बाई उतारावर लागल्या, अंग झाडलं आणि नाईकांच्या खांद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. दोर घालायची गरजच पडली नाही, आणि तेच बघवेना.

तेवढ्यात काठावर मेणा आला.

थोरल्या बाईसाहेब जोगेश्वरीची ओटी भरायला निघाल्या होत्या. वाट वाकडी करून त्या नदीवर आल्या, कारण देवळात गेल्या असत्या तर तिथल्या बायकांनी पुन्हा तेच विचारलं असतं. निदान एकदा पाहून तरी घ्यावं, असा विचार त्यांनी केला असावा. त्या मेण्यातून उतरल्या. बरोबर त्यांची म्हातारी दासी, हातात ओटीचं ताट. सरदारांनी तोंड फिरवलं. मी एका फुटाणेवाल्याच्या मागे सरकलो.

"ह्याच का त्या?" बाईसाहेबांनी विचारलं.

"ह्याच थोरल्या बाई," नाईक म्हणाले. "बघून घे."

अगं-तुगं. नवऱ्यादेखत, गावादेखत. मी फुटाणेवाल्याच्या टोपलीमागे आणखी खाली वाकलो. बाईसाहेबांनी मात्र ऐकलं न ऐकलंसं केलं. त्या घोडीच्या तुटक्या कानाकडे पाहत होत्या. विचारलं, कुठल्या ह्या?

"बेटावरच्या. तितंच जल्मल्या, तितंच ऱ्हातात. आता तुझ्या घरी येनार."

"आणि बेटावर?"

"तितं पूर येनार," नाईक म्हणाले. हात जोडले नाहीत, पाया पडले नाहीत. मला वाटत होतं, सांगावं, शिंगरांचं सांगावं. ते सांगेनात, आणि मी फुटाणेवाल्याच्या मागून बाहेर येईना.

बाईसाहेबांनी पाण्याकडे पाहिलं. ओल्या वाळूवर शिंगरं आयांच्या पोटाखाली उभी होती. त्यांनी पाहिली. मग भट्टीकडे पाहिलं. बाईसाहेब कोकणातल्या. लग्न होऊन घाट चढल्या त्या परत उतरल्या नव्हत्या. वडील गेले तेव्हाही फौजेची धामधूम होती, सोबत देता आली नाही. हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे.

त्यांनी दासीच्या हातातलं ताट घेतलं.

घोडीला आधी हळदकुंकू लागलं, तेव्हा कोणाला काही उमगलं नाही. मग त्यांनी तांदूळ घेतले, नारळ घेतला, खण घेतला. गर्दीतून शास्त्रीबुवा पुढे आले. ओटी सवाष्णीची भरतात, जनावराची नव्हे, असं त्यांनी धर्म म्हणून सांगितलं. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे न पाहता नाईकांना विचारलं, "ह्यांचे यजमान?"

नाईकांनी हनुवटीने काळ्याकडे खुणावलं. काळा राजबिंडा उभा होता आणि बाभळीची साल खात होता.

"आहेत ना? उदंड आयुष्य असो," बाईसाहेब म्हणाल्या, आणि ओटी भरली. थोरल्या बाईंनी त्यातले तांदूळ तिथल्या तिथे खाल्ले. नारळ गडगडत खाली गेला. खण बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात बांधला. गाठ मारताना त्यांचे हात घोडीच्या आयाळीत जरा जास्तच वेळ राहिले. मग सरदारांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात त्या म्हणाल्या, "ओटी भरलेल्या लेकीला डाग देत नाहीत. हिला माहेरी पोचवून या."

पुण्याची सगळी गर्दी सरदारांकडे पाहत होती. नवरात्रात, देवीची ओटी, ती भरलेली, आणि ती मोडायची तर कोणी? लोखंड भट्टीत लाल होतं. सरदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, पुढचं जनावर आणा.

मला वाटलं, आता तरी नाईक बाईसाहेबांना अहो म्हणतील. सगळ्या काठालाच तसं वाटलं असावं. नाईक म्हणाले, "जा आता. देवी खोळंबली असंल." आणि बाईसाहेब, ज्यांच्यासमोर फडणीस चळचळ कापत, त्या पदर सावरून निमूट मेण्याकडे वळल्या. जाताना हसल्या, असं दासी पुढे सांगे. मी पाहिलं नाही. मी अजून फुटाणेवाल्याच्या मागे होतो.

त्या सालापासून तट्टं उतरली की वाड्यातून म्होरक्या घोडीची ओटी येऊ लागली, आणि तिला डाग लागेनासा झाला. मला मात्र पागेतून काढून धान्याच्या कोठारावर नेमलं. तिथे बोलायला कोणी नसतं. नाईक पुढच्या उन्हाळ्यात गेले, ते मला फार उशिरा कळलं. म्हणून त्या दिवशीचे नाईक हेच माझे शेवटचे.

त्या दिवशी निवड संपली होती. डाग लागलेल्या तट्टांना ते एकेकाचं नाक चोळून अरे म्हणून बोलले, आणि उरलेला कळप घेऊन पाण्याकडे वळले. आधी थोरल्या बाई, गळ्यात हिरवा खण, मग त्यांच्या शेजारी नाईक, एक हात तिच्या मानेवर. डोहाशी पोचल्यावर मानेवरचा हात सुटला. पाण्यावर एक धुरकट डोकं, एक काळं, आणि मध्ये एक पांढरं. कोणतं कोणाच्या पुढे आहे ते कळेना. ते पलीकडच्या लव्हाळ्यात शिरले, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र पाहत राहिलो. गर्दी पांगली, भट्टी विझली, तरी पाहत राहिलो. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि त्या पुसायला हात वर करावा तर दोन्ही हातांत काहीतरी जड धरलेलं. कधी उचललं ते आठवेना.

ताट न्यायला म्हातारी दासी परत आली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"रडा हो पंत, खुशाल रडा," ती म्हणाली. "फक्त तो नारळ घोडीचा आहे, तेवढा खाली ठेवा."